एका गाईची अनेक कार्यालये

प्रस्तावना

नागपूर जिल्ह्यातल्या कुही किंवा उमरेड तालुक्यातल्या एखाद्या कास्तकाराची गाय घ्या. तिला ताप आला की जायचे जिल्हा परिषदेच्या दवाखान्यात. ती माजावर आली की गोठीत रेत येते राज्याच्या पशुधन विकास मंडळाकडून. कानातला बारा आकडी बिल्ला केंद्राच्या कार्यक्रमातला. लाळ्या-खुरकुताची लस दिल्लीच्या पैशाची, ती टोचणारा माणूस पंचायत समितीच्या हाताखालचा. दूध डेअरीत गेले की दुग्धव्यवसाय विकास विभाग, दुधात भेसळ सापडली की अन्न व औषध प्रशासन. ती चरते ती जमीन महसूल खात्याची की वन खात्याची, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला. चरताना वाघाने मारली तर भरपाई वन विभागाची, अंगावर वीज पडून गेली तर तहसील कार्यालयाची. बाजारात नेली की बाजार समिती, गाडीत चढवली की पोलीस, आणि भाकड झाली की गोशाळा व गोसेवा आयोग.

गाय एकच, गोठा एकच. तिला दोन वेळा कुटार टाकणारी, शेण काढणारी, धार काढणारी बाईही एकच, आणि तिचे नाव बहुधा यांतल्या कुठल्याच कागदावर नाही. शासन मात्र दहा-बारा ठिकाणी वाटलेले. प्रत्येक कार्यालयाकडे गाईचा एकेक प्रसंग आहे: आजार, रेतन, दूध, मृत्यू, विक्री. या प्रसंगांच्या मधले दिवस कोणाकडेच नाहीत.

हे मधले दिवस हाच या ग्रंथाचा विषय. जनावरांवर मराठीत लेखन थोडे नाही. गोठा कसा बांधावा, चारा कसा मुरवावा हे सांगणारी हस्तपुस्तके आहेत. गोवंशाचे माहात्म्य सांगणारीही आहेत. पण पशुधनावर राज्य कसे चालवले जाते, त्यासाठी माणसे कोण नेमतो, पैसा कुठून निघतो आणि कुठे मुरतो, हा प्रश्न घेऊन सलग लिहिलेले फार थोडे. प्रशासनाच्या अभ्यासकांना जनावर हा गंभीर विषय वाटत नाही आणि पशुवैद्यकांना प्रशासन हा आपला विषय वाटत नाही, त्यामुळे ही जागा रिकामी राहिली.

पुढच्या प्रकरणांतून जो एक निष्कर्ष पुन्हा पुन्हा हाती येतो तो सुरुवातीलाच सांगून टाकतो. आपल्या प्रशासनाला पशुधनाची मोहीम जमते, वाटप जमते, मोजणीही जमते; रोजची निगा जमत नाही. आणि जनावर ही तर रोजचीच बाब. पीक पेरल्यावर माणूस चार दिवस गावाला जाऊ शकतो, दावणीला गाय असलेला माणूस जाऊ शकत नाही. ज्या मालमत्तेची काळजी रोज घ्यावी लागते तिचा कारभार वर्षातून दोनदा येणाऱ्या मोहिमांनी आणि मार्चअखेर संपवायच्या निधीने करायचा, ही मूळ विसंगती आहे.

आधी या क्षेत्राचा पसारा. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातले पशुधन ५३ कोटी ५७ लाखांच्या वर भरले. त्यात गाई-बैल १९ कोटी २४ लाख, म्हशी जवळपास ११ कोटी, शेळ्या १४ कोटी ८८ लाख, मेंढ्या सात कोटींहून अधिक. कोंबड्या ८५ कोटींच्या घरात, त्या वेगळ्या. महाराष्ट्राचा वाटा सव्वातीन कोटींहून अधिक. देशाच्या शेती क्षेत्रातल्या मूल्यवर्धनात पशुधनाचा हिस्सा आता सुमारे ३० टक्के आहे आणि २०२३-२४ मध्ये देशाचे दूध उत्पादन २३ कोटी ९० लाख टनांच्या वर गेले. इतक्या मोठ्या उद्योगात कारखान्याचे फाटक नाही, हजेरीपट नाही, कंपनीचे कार्यालय नाही. तो दोन-तीन जनावरांच्या कोट्यवधी गोठ्यांत विखुरलेला आहे. ज्याच्यावर शासन करायचे त्याला एका जागी गाठताच येत नाही, हे या क्षेत्राचे पहिले वैशिष्ट्य.

दुसरे वैशिष्ट्य घटनेतच आहे. सातव्या अनुसूचीत पशुधनाचे जतन, सुधारणा, रोगप्रतिबंध आणि पशुवैद्यकीय शिक्षण हे विषय राज्यसूचीत, पंधराव्या क्रमांकाला आहेत. पण एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पसरणारा संसर्ग रोखणे समवर्ती सूचीत आहे, प्राण्यांवरील क्रूरतेचा प्रतिबंधही तिथेच. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने अकरावी अनुसूची आली आणि पशुसंवर्धन, दुग्धव्यवसाय व कुक्कुटपालन पंचायतींकडे सोपवण्याचा मार्ग मोकळा झाला. महाराष्ट्रात त्याच्या कितीतरी आधी, १९६१ च्या कायद्याने जिल्हा परिषदा आल्या आणि गावपातळीवरचे बहुतेक दवाखाने त्यांच्याकडे गेले. राज्याचे पशुसंवर्धन आयुक्तालय पुण्यात औंधला, मंत्रालय मुंबईत. जिल्ह्यात एक अधिकारी आयुक्तालयाचा आणि दुसरा जिल्हा परिषदेचा, अशी दुहेरी मांडणी वर्षानुवर्षे चालली. केंद्रात तर या विषयाला स्वतंत्र मंत्रालय मिळायला २०१९ साल उजाडले. तोवर तो कृषी मंत्रालयाचा एक विभाग होता.

मार्गदर्शक तत्त्वांतला ४८ वा अनुच्छेदही इथे आठवावा. त्यात दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या आहेत: शेती व पशुसंवर्धन आधुनिक आणि शास्त्रीय पद्धतीने संघटित करणे, आणि जातींचे जतन करून गाई, वासरे व इतर दुभत्या आणि ओढकामाच्या जनावरांच्या कत्तलीला मनाई करण्याच्या दिशेने पावले टाकणे. गेल्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांत विधिमंडळांचा आवेश दुसऱ्या भागावर खर्ची पडला. पहिल्या भागासाठी मोर्चा निघत नाही. लसीची शीतसाखळी तुटली म्हणून कोणी सभागृह बंद पाडल्याचे ऐकिवात नाही.

जुन्या ब्रिटिश सरकारचा या विषयातला रस वेगळ्या कारणांचा होता. लष्कराला घोडे हवे होते आणि साथीने मरणाऱ्या बैलांमुळे शेतसारा बुडत होता. १८८६ मध्ये मुंबईत परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय निघाले. १८८९ मध्ये पुण्यात जिवाणुशास्त्राची शाही प्रयोगशाळा सुरू झाली आणि काही वर्षांतच ती कुमाऊंमधल्या मुक्तेश्वरला हलली. आजची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था तिचीच पुढची पिढी. पहिली पशुगणना १९१९-२० सालची. पशुधन आयातीचा कायदा १८९८ चा, आणि तो अजून लागू आहे. नागपूरला पशुवैद्यकीय महाविद्यालय मिळाले ते १९५८ मध्ये, विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात असताना. पुढे २००० साली महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय नागपुरातच आले. पशुविज्ञानाचे राज्यातले एकमेव विद्यापीठ ज्या शहरात आहे, त्याच्या भोवतालच्या जिल्ह्यांत दूधधंदा मात्र पश्चिम महाराष्ट्राच्या मानाने अगदी किरकोळ राहिला. ज्ञान असणे आणि व्यवस्था असणे यांतले अंतर पाहायला यासाठीच विदर्भ निवडला आहे.

आता मोहिमेकडे. आपल्या पशुप्रशासनाचे सर्वांत मोठे यश म्हणजे बुळकांडीचे उच्चाटन. एकेकाळी या रोगाने गावेच्या गावे बैलांविना व्हायची. १९५४ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, शेवटचा उद्रेक १९९५ मध्ये नोंदला गेला, २००६ मध्ये भारत बुळकांडीच्या संसर्गातून मुक्त घोषित झाला आणि २०११ मध्ये सगळे जग. देवीनंतर माणसाने पृथ्वीवरून संपवलेला हा दुसराच रोग. या कामात केंद्र, राज्ये, जिल्हा परिषदा सगळ्यांचे हात लागले. मग हीच यंत्रणा लाळ्या-खुरकुतापुढे अडखळते ती का?

उत्तर रोगाच्या स्वभावात आहे. बुळकांडीची लस जनावराला एकदा नीट टोचली की प्रतिकारशक्ती जन्मभर टिकायची. बरे झालेले जनावर रोग बाळगत फिरत नसे. लाळ्या-खुरकुताच्या विषाणूचे प्रकारच अनेक. आपल्याकडे तीन फिरतात. लसीचा प्रभाव काही महिने, म्हणून दर सहा महिन्यांनी पुन्हा टोचायचे. सप्टेंबर २०१९ मध्ये मथुरेला सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमाने पाच वर्षांसाठी १३,३४३ कोटी रुपयांची तरतूद केली आणि सगळा भार केंद्राने उचलला. पैसा आला. पण लस दोन ते आठ अंशांत ठेवून, मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकलेल्या गावात नेऊन, रानात चरायला गेलेली ढोरे पहाटे किंवा संध्याकाळी गाठून टोचायची, आणि हे दर सहा महिन्यांनी, शेवट नसल्यासारखे करत राहायचे. या कामाला मोहिमेचा उत्साह पुरत नाही. त्याला कायमची माणसे लागतात.

लम्पीने हेच दुसऱ्या बाजूने दाखवले. भारतात हा चर्मरोग २०१९ मध्ये ओडिशात आढळला, २०२० मध्ये विदर्भाच्या पूर्वेकडे आला. तेव्हा मृत्यू कमी होते, त्यामुळे बातमी लहान राहिली. ऑगस्ट २०२२ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यापासून राज्यात दुसरी लाट सुरू झाली तेव्हा मात्र सरकार हलले आणि वेगाने हलले. २००९ च्या संसर्गजन्य रोग कायद्याखाली राज्य नियंत्रित क्षेत्र घोषित झाले, जनावरांचे बाजार बंद झाले, शेळ्यांच्या देवीची लस गाईंना देण्यात आली, खासगी पशुवैद्यक आणि विद्यार्थीही कामाला लावले. दुभती गाय दगावली तर ३० हजार, बैल २५ हजार, वासरू १६ हजार अशी मदत मिळाली. निकड आली की हे प्रशासन काय करू शकते याचा हा पुरावा आहे आणि तो मोकळेपणाने मान्य केला पाहिजे.

पण त्याच कायद्यातली एक गाठ इथे उकलून पाहायला हवी. मालकाने रोगाची खबर ताबडतोब द्यावी, असे कायदा सांगतो. खबर दिली की काय होते? बाजार बंद, दुधाला गिऱ्हाईक नाही, शेजारी तोंड फिरवतात. पैसा मिळतो तो जनावर मेल्यावर आणि पंचनामा झाल्यावर. म्हणजे लवकर कळवण्याची शिक्षा लगेच आणि मरणाची भरपाई नंतर. कास्तकार रोग लपवतो तेव्हा तो अडाणी असतो म्हणून नव्हे, तर त्याला हिशेब येतो म्हणून. खबर देणाऱ्याच्या पदरात पहिल्याच दिवशी काहीतरी पडेल अशी रचना कोणत्याही खात्याने अजून केलेली नाही. रोगनियंत्रणावरील प्रकरणाचा हा कणा आहे.

वाटपाचा धडा याहून कडू. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर १ जुलै २००६ रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशिम, वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर झाले. शेतीला जोडधंदा म्हणून त्यात संकरित दुभत्या गाई होत्या, निम्म्या अनुदानावर. कागदावर कल्पना निर्दोष. कोरडवाहू कापसाच्या गावात मात्र ही गाय आली आणि तिने खायला मागितले. तिला हिरवा चारा हवा, ढेप हवी, भरपूर पाणी हवे, उन्हाळ्यात सावली हवी. गावात दूध संकलन नाही, जवळ डॉक्टर नाही. घरातल्या माणसांपेक्षा गाईवर जास्त खर्च होऊ लागला. कोणी ती विकली, कोणी नातेवाइकाकडे सोडली, कोणी परत घ्या म्हणून कार्यालयाचे उंबरे झिजवले. वाटपाचे उद्दिष्ट ज्या दिवशी पूर्ण झाले त्याच दिवशी शासनाच्या लेखी योजना यशस्वी झाली होती.

याच्या शेजारी राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाचा विदर्भ-मराठवाडा दुग्धविकास प्रकल्प ठेवून बघावा. २०१६ पासून मदर डेअरीच्या माध्यमातून गावोगाव संकलन केंद्रे उघडली, दुधाचे माप आणि स्निग्धांश उत्पादकासमोर मोजले जाऊ लागले, पैसे बँकेत जमा होऊ लागले. राज्याने दुसऱ्या टप्प्यात विदर्भ-मराठवाड्याचे १९ जिल्हे घेतले. या प्रकल्पात त्रुटी आहेत आणि संबंधित प्रकरणात त्या मांडल्या आहेत. तरी दोन्ही प्रयत्नांतला फरक लक्षात घेण्यासारखा आहे. पॅकेजने जनावर आधी दिले आणि बाजार नंतर येईल असे मानले. इथे बाजार आधी आला, आणि तोही सकाळ-संध्याकाळ. रोज येणारा टँकर हीसुद्धा एक प्रशासकीय व्यवस्थाच असते, फक्त तिच्यावर शासनाची पाटी नसते.

चाऱ्याचा प्रश्न मात्र या दोन्ही प्रयत्नांना सुटलेला नाही, कारण चारा कोणत्याच खात्याचा नाही. विदर्भात ज्वारी मागे पडली आणि सोयाबीन आले. धान्याबरोबर कडबाही गेला; सोयाबीनचे कुटार त्याची बरोबरी करू शकत नाही. हा बदल कृषी खात्याच्या नोंदीत पीकपद्धतीतला बदल आहे. पशुसंवर्धनाच्या नोंदीत त्याला रकानाच नाही.

चराईचे तर विदर्भाचे स्वतःचे रामायण आहे. मध्य प्रांतातल्या मालगुजारीच्या काळापासून इथल्या गावांना निस्ताराचे हक्क होते: सरपण, पाणी, चराई. हलक्या, खडकाळ जमिनींवर काटेरी झुडपे वाढलेली, त्या जमिनी 'झुडपी जंगल' म्हणून नोंदल्या गेल्या. गावाच्या लेखी ती ढोरांची जागा होती. १९५६ मध्ये प्रदेश मुंबई राज्यात आला, १९८० चा वनसंवर्धन कायदा आला, १९९६ मध्ये गोदावर्मन खटल्यातला सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला आणि हे रान वन की महसूल, हा घोळ वाढत गेला. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांतल्या सुमारे ८६ हजार हेक्टर झुडपी जंगलाला वनाचा दर्जा असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी स्पष्ट केले आणि १२ डिसेंबर १९९६ पूर्वीची वाटपे नियमित करण्याची वाट ठेवली. या दीर्घ वादात घरे, शाळा, सरकारी इमारती, अतिक्रमणे यांवर रास्तच बोलले गेले. त्या जमिनीवर पिढ्यानपिढ्या चरणाऱ्या जनावरांच्या बाजूने बोलणारे खाते कुठे होते, हा प्रश्न या ग्रंथाने विचारला आहे. पेंच, ताडोबा, उमरेड-कऱ्हांडल्याच्या आसपासच्या गावांत त्याला वाघाची आणखी एक बाजू आहे. चराई आक्रसली की गुराखी आत शिरतो. मग वन विभागाची भरपाई आणि पशुधन विकास अधिकाऱ्याचे शवविच्छेदन असा दोन खात्यांचा प्रवास सुरू होतो.

आता माणसांकडे. दर पाच हजार पशुघटकांमागे एक पशुवैद्यक असावा, अशी शिफारस राष्ट्रीय कृषी आयोगाने १९७६ मध्ये केली. तिथवर आपण अजून चालतोच आहोत. राज्यात साडेचार हजारांहून अधिक पशुवैद्यकीय संस्था आहेत, पण त्यांतल्या मोठ्या भागात, म्हणजे श्रेणी-२ च्या दवाखान्यांत, पदवीधर डॉक्टरऐवजी पदविकाधारक पर्यवेक्षक असतो. १९८४ चा भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा उपचाराचा अधिकार नोंदणीकृत पदवीधराला देतो आणि पदविकाधारकाला त्याच्या देखरेखीखाली किरकोळ सेवांची मुभा देतो. रात्री अकरा वाजता गाय अडली तर ती देखरेख वीस किलोमीटरवर असते. पदवीधर आणि पदविकाधारक यांच्या संघटनांतला वर्षानुवर्षांचा संघर्ष वरवर हुद्द्यांचा दिसतो. मुळात तो कायदा आणि गाव यांच्यामधल्या या वीस किलोमीटरांचा आहे. २०२५ मध्ये महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने पशुधन विकास अधिकाऱ्यांच्या २,७९५ जागांची जाहिरात काढली. भरतीचे स्वागत करतानाच एवढ्या जागा एका वेळी भराव्या लागतात याचा अर्थ आधीची वर्षे कशी गेली असतील, हेही वाचकाने ताडावे.

जो अधिकारी जागेवर आहे त्याचा दिवसही पाहावा. सकाळचा बाह्यरुग्ण विभाग, मग लसीकरणाची नोंद, बिल्ल्यांची ऑनलाइन भरती, योजनांचे लाभार्थी, विम्याचे दाखले, शवविच्छेदन, पंचायत समितीची बैठक. १९६२ या क्रमांकावर येणारी फिरती पथके हा चांगला उपाय आहे आणि फोन लावून गाडी आल्याचा अनुभव कास्तकाराला नवा आहे. पण पथक निघून गेल्यावर दुसऱ्या दिवशीचे इंजेक्शन कोणी द्यायचे, हा प्रश्न मागे उरतोच.

मोजणीबद्दल सावधपणे लिहायला हवे, कारण तिच्याविना काहीच होत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेली एकविसावी पशुगणना मोबाइलवर झाली आणि भटक्या पशुपालकांचीही स्वतंत्र नोंद तिने प्रथमच घेतली. विदर्भासाठी हे महत्त्वाचे: आर्वी-कारंजाकडचे नंद गवळी, धनगर-कुरमार, गुजरातेतून कळप घेऊन आलेले भरवाड हे सारे आजवर गावाच्या यादीत मावत नव्हते. १ जून २०२४ पासून कानात बिल्ला नसलेल्या जनावराच्या खरेदी-विक्रीला राज्यात मनाई झाली. बिल्ल्यामुळे रोगाचा माग काढता येतो, हे खरे. मात्र बिल्ला पडला, जनावर विकले, मेले, तर ती नोंद कोणी बदलायची? न बदललेल्या नोंदी साचत गेल्या तर काही वर्षांत आपल्याकडे कागदी गाईंचा मोठा कळप असेल.

देशी जातींच्या बाबतीत मोजणीने उपकारही केले आहेत. गवळाऊ ही वर्धा-नागपूर आणि सीमेपलीकडच्या छिंदवाड्याची पांढरी, चपळ गाय. तिच्या पैदाशीसाठी वर्धा जिल्ह्यात हेटीकुंडीला शासकीय प्रक्षेत्र आहे. पूर्व विदर्भातली कठाणी गाय आणि वऱ्हाडातली पूर्णाथडी म्हैस यांना राष्ट्रीय नोंदणीत स्वतंत्र जात म्हणून स्थान मिळाले ते अगदी अलीकडे. नोंदणी हा आरंभ आहे. बैलाचे काम ट्रॅक्टरने घेतल्यावर ओढकामासाठी घडलेली जात कोणी का पाळावी, याचे आर्थिक उत्तर मिळाले नाही तर ती प्रक्षेत्रावर आणि पोळ्याच्या फोटोत उरेल.

इथे राजकारणाचा विषय टाळता येत नाही. १९७६ च्या प्राणी संरक्षण कायद्यातली दुरुस्ती मार्च २०१५ मध्ये लागू झाली आणि गाईबरोबर बैल-वळूंच्या कत्तलीवरही राज्यात बंदी आली. सप्टेंबर २०२४ मध्ये देशी गाईला राज्यमाता-गोमाता हा दर्जा मिळाला आणि गोशाळांसाठी दर गाईमागे दिवसाला ५० रुपयांची योजना आली. श्रद्धेचा आदर ठेवूनही प्रशासनाच्या अभ्यासकाला एक हिशेब विचारावा लागतो. म्हातारा बैल विकून नवा गोऱ्हा घेण्याचे चक्र थांबले, तर त्या बैलाच्या उरलेल्या वर्षांचा खर्च कोणाच्या माथी? गोशाळेतल्या गाईला अनुदान आहे, दावणीच्या भाकड गाईला नाही.

उलट दिशेचे उदाहरण नागपूरच्या विमानतळाचे. जून २०१८ मध्ये इथून शारजाला जिवंत शेळ्या-मेंढ्या पाठवायची तयारी झाली होती. धनगर समाजाला परदेशी बाजार मिळावा म्हणून राज्यसभेचे तत्कालीन सदस्य विकास महात्मे यांनी ती पुढे नेली होती. जैन समाज आणि प्राणिप्रेमी संघटनांच्या विरोधानंतर ती ऐनवेळी थांबली. पाच वर्षांनी १८९८ च्या कायद्याची जागा घेणारे पशुधन आयात-निर्यातीचे विधेयक केंद्राने मसुद्याच्या टप्प्यावरच मागे घेतले. जिवंत जनावर निर्यात करावे की नाही, यावर दोन प्रामाणिक मते असू शकतात. पण निर्णय आदल्या दिवशी फिरतो तेव्हा मेंढपाळाला धोरण कळत नाही, फक्त वारा कळतो.

शेवटचा विभाग माणूस, जनावर आणि जंगल यांच्या एकत्र आरोग्याचा आहे. मार्च २०२४ मध्ये नागपूरच्या शासकीय कुक्कुट केंद्रात बर्ड फ्लू निघाला आणि हजारो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस नागपूरच्याच गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावला. निदान झाले एच-५-एन-१ चे, आणि ते भोपाळच्या प्रयोगशाळेतून आले. एक विषाणू कोंबडीतून वाघापर्यंत सहज जातो. त्याचा अहवाल मात्र पशुसंवर्धन, वन आणि आरोग्य या तीन खात्यांच्या फायलींतून जातो. डिसेंबर २०२२ मध्ये नागपुरात पायाभरणी झालेल्या राष्ट्रीय 'वन हेल्थ' (एकत्रित आरोग्य) संस्थेकडून म्हणूनच मोठी अपेक्षा आहे. ती इमारतीची नाही. गावातल्या पर्यवेक्षकाला दिसलेला विचित्र गर्भपात त्याच आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरला कळेल का, ही आहे.

ग्रंथाची मांडणी याच क्रमाने आहे: कायदा व अधिकार, रोगनियंत्रण, दूध व बाजार, चारा व जमीन, मनुष्यबळ, नोंदी, जाती व राजकारण, आणि एकत्रित आरोग्य. मत्स्यव्यवसाय वगळला आहे, कारण त्याचे प्रशासन निराळे आहे. कुक्कुटपालनाचा मोठा कंपन्यांच्या करारावर चालणारा भाग केवळ संदर्भापुरता आला आहे. वाचक म्हणून डोळ्यांसमोर आहेत नवे पशुधन विकास अधिकारी, पंचायत समितीचे सदस्य, स्पर्धा परीक्षांचे विद्यार्थी, आणि ज्यांना आपल्या गोठ्यावर लिहिलेले सरकारी कागद समजून घ्यायचे आहेत असे कास्तकार.

दर डिसेंबरात नागपूरच्या विधानभवनात अधिवेशन भरते आणि पशुसंवर्धनावर तारांकित प्रश्न येतात. किती गाई वाटल्या, किती शेळीगट दिले, किती लसमात्रा खर्ची पडल्या, अशी त्यांची ठरलेली घडण. उत्तरेही आकड्यांत येतात आणि सभागृहाचे समाधान होते. या ग्रंथाचा आग्रह दुसऱ्या प्रश्नासाठी आहे. वाटलेल्यांपैकी किती जनावरे दोन वर्षांनी त्याच गोठ्यात आहेत, ती काय खातात, आणि त्यांना शेवटचे कोणी व कधी पाहिले? आज या प्रश्नाचे उत्तर कोणत्याच खात्याला देता येणार नाही, कारण ही नोंद ठेवणे कोणाचेच काम नाही. ते काम एका तालुक्यात एका अधिकाऱ्याच्या नावावर लिहिले जावे, त्यासाठी त्याच्या हाताखाली माणसे आणि वाहन असावे, आणि त्याच्या कामाचे मोजमाप वाटपाऐवजी याच नोंदीवर व्हावे, एवढी मागणी करून वाचकाला पहिल्या प्रकरणाकडे नेतो.

नागपूर